नोंदीचे गाव आणि उगमाचे गाव

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पैशाचा विषय निघाला, की हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो: अनुदानाकडे डोळे लावून बसू नका, स्वतःचे उत्पन्न वाढवा. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांचे अनुदान मालमत्ता कराचे किमान दर ठरवण्याशी आणि वसुलीच्या वाढीशी जोडले. राज्यात २०२५ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानातही स्वनिधीवर आणि लोकवर्गणीवर भर आहे. ज्यांना याच्याही पुढचे बोलायचे असते ते एका अमेरिकी पद्धतीचे नाव घेतात: टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये जमिनीच्या वाढत्या किमतीतून पैसा उभारण्याच्या मार्गांचा धोरण-आराखडा काढला, त्यात हाही मार्ग होता.

पद्धत समजायला सोपी आहे. एखादी वस्ती किंवा बाजारपेठ निवडायची. तिथल्या मालमत्ता कराचा आजचा आकडा गोठवायचा, समजा वर्षाला दहा लाख. मग कर्ज काढून रस्ता, गटार, दिवे, मंडई करायची. जागांचे भाव वाढतात, फेरआकारणीत कर पंधरा लाखांवर जातो. पहिले दहा लाख पूर्वीसारखेच सार्वजनिक तिजोरीत जातात आणि वरचे पाच लाख वीस-पंचवीस वर्षे त्या वस्तीसाठीच राखून ठेवतात. रहिवाशांची समिती असेल तर ते कशावर खर्चायचे हे तीच ठरवते. गावाच्या वाढीतून गावाचा विकास. वरवर पाहता यात खोट काढण्यासारखे काही नाही.

हाच सल्ला पेठला लावून पाहावा.

नाशिकहून गुजरातकडे जाणारा महामार्ग सावळ घाट आणि कोटंबी घाट ओलांडून पेठला येतो. नावातच बाजार असलेले हे गाव एके काळी संस्थानाचे ठिकाण होते. १८७८ मध्ये संस्थान खालसा झाले. आज ते तालुक्याचे गाव आहे. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार भरली, आणि त्यात दहांतले नऊहून अधिक लोक आदिवासी: कोकणा, महादेव कोळी, वारली. भात, नागली, वरई, उडीद ही पिके. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि तरी एप्रिल उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. २०२५ च्या उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या बोरीची बारी गावच्या बाया जीव धोक्यात घालून विहिरीत उतरताना, तळाचे पाणी भरताना देशाने दूरचित्रवाणीवर पाहिल्या. भात घरात आला की इथली कुटुंबेच्या कुटुंबे ‘जगायला’ जातात. जगायला जाणे म्हणजे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी, खुडणी करायला जाणे. हा शब्द पाड्यावर इतक्या सहजपणे वापरला जातो, की त्यात आपले गाव जगण्याची जागा नाही अशी कबुली दडलेली आहे, हे ऐकणाऱ्याच्या उशिरा ध्यानात येते.

अशा एखाद्या ग्रामपंचायतीत नमुना ८ ची वही उघडावी. कर आकारणीची नोंदवही ती हीच. मालकाचे नाव, घराचे वर्णन, क्षेत्रफळ, भांडवली मूल्य, कराची रक्कम असे रकाने. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपलेल्या भिंती आणि वर कौले, अशा घराची नोंद दरपत्रकाच्या तळाशी होते. घरकुल मंजूर झाले आणि घर विटांचे झाले, तर आकडा थोडा वर सरकतो. या सरकलेल्या आकड्यांची वीस वर्षांची बेरीज केली, तरी पाड्यावर एक टाकी आणि तिच्यापासून घरोघर नळ टाकण्याइतके कर्ज तिच्यावर कोणी देणार नाही. सल्ला देणाऱ्यांनी ही वही एकदा चाळली असती, तर पेठसारख्या तालुक्यांना तो त्यांनी दिला नसता.

यावर एक उत्तर तयार असते: आज वाढ नाही, कारण आज गुंतवणूक नाही, आधी रस्ता करा, भाव आपोआप चढतील. उत्तर शहरातून आलेले आहे. जमिनीचा भाव चढायला ती विकली जाण्याची मोकळीक लागते. पेठ तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६ आणि ३६-अ यांमुळे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सहजासहजी जाऊ शकत नाही. ही अडचण नव्हे, हे संरक्षण आहे, आणि ते का द्यावे लागले हे महाराष्ट्राला सांगायला नको. सावकारांच्या वह्यांत गेलेल्या जमिनींची आठवण ठाणे-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात अजून पुसलेली नाही. या संरक्षणामुळे जमीन बाजारातला माल होत नाही. माल नाही म्हणून भावाची उडी नाही, आणि उडी नाही म्हणून करात वाढ नाही. म्हणजे करवाढीवर निधी उभारण्याची पद्धत इथे चालवायचीच असेल, तर आधी हे संरक्षण सैल करावे लागेल. त्या सल्ल्याच्या पोटात असलेली ही अट कोणी उघड बोलत नाही, पण ती तिथे आहे.

दुसरे उत्तर असे, की पाडे राहू द्या, पेठ गाव घ्या. महामार्गावर दुकाने आहेत, आरसीसीच्या इमारती चढताहेत, चतुर्वार्षिक फेरआकारणी होते. तिथे तर पद्धत चालेल? थोडीफार चालेल, हे मान्य करायला हवे. पण इथे कायद्याने एक विचित्र फट पाडून ठेवली आहे. गेल्या दशकात पेठ ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा पंचायतींना लागू आहे, नगरपंचायतींना नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठी तसा कायदा करायचे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत आले, ते आजवर मंजूर झालेले नाही. परिणाम असा, की पेठ गावात कर बसवायला मालमत्ता आहे, पण पैशावर हात ठेवणारी ग्रामसभा नाही. पाड्यांवर ग्रामसभा आहे, पण कर बसवायला मालमत्ता नाही. रहिवाशांनी आपल्या करातून आपला विकास करावा, या वाक्यातले रहिवासी एकीकडे राहतात आणि कर दुसरीकडे.

ज्या देशातून ही पद्धत आली, तिथले तिचे चरित्रही चर्चेत अर्धेच सांगितले जाते. कॅलिफोर्नियाने १९५२ मध्ये ती सुरू केली. शेवटी शेवटी राज्यभरच्या मालमत्ता करातला सुमारे १२ टक्के हिस्सा पुनर्विकास संस्थांकडे वळू लागला, शाळांच्या वाट्याचे पैसे राज्याला भरून द्यावे लागले, आणि गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या काळात फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या साऱ्या संस्था विसर्जित झाल्या. शिकागोत असे शंभराहून अधिक टापू आखले गेले, प्रत्येकाचे आयुष्य साधारण २३ वर्षे. कायद्याची अट अशी, की या मदतीवाचून जिथे विकास झालाच नसता तिथेच टापू आखावा. तरीही एप्रिल २०१९ मध्ये शहराच्या सधन उत्तर भागात, नदीकाठच्या लिंकन यार्ड्स या बड्या प्रकल्पासाठी सुमारे १३० कोटी डॉलरपर्यंतचा निधी मंजूर झाला. गरीब वस्त्यांतल्या रहिवाशांनी नगरपालिकेत जाऊन विरोध केला, तो याच मुद्द्यावर. जिथे वाढ आधीच चालत येत होती तिथे कुंपण घातले, आणि जिथे ती येत नाही तिथले लोक कुंपणाबाहेर राहिले.

हे शिकागोच्या राजकारणाचे दूषण म्हणून सोडून देता येणार नाही, कारण पद्धतीचा कलच तसा आहे. वाढीतून निधी मिळणार असेल, तर ज्याच्याकडे वाढ आहे त्यालाच तो मिळतो. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या एका बाजूला असा टापू आखला, तर पहिल्या फेरआकारणीतच निधी उभा राहील. घाटापलीकडे तोच नियम, तीच समिती, तीच कागदपत्रे लावली तर निधी शून्य. दोन्ही ठिकाणी नियम समान वागला असे म्हणता येईल, आणि तरी अंतर वाढलेले असेल.

मगरपट्ट्याचा दाखला मराठी वाचकांना दिला जातोच. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांवर जमीन एकत्र ठेवून वाढीव किंमत आपल्याकडे राखली, ही कौतुकाची गोष्ट खरी. पण ती पुण्याच्या वेशीवर घडली, आणि तेवढ्याने ती पेठच्या कामाची राहत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीबद्दल तर बोलायला नको. देणाऱ्याच्या मर्जीवर गावाचे पाणी ठेवता येत नाही.

मग या कल्पनेत घेण्यासारखे काहीच नाही का? आहे, आणि चर्चेने नेमके तेच हरवले आहे. आजचा आकडा नोंदवून ठेवायचा आणि फक्त वाढीला हात लावायचा, ही कल्पनेतली मौल्यवान गोष्ट. तिच्यामुळे कोणाच्या ताटातले काढून घ्यावे लागत नाही. पण तिला चिकटून एक दुसरे गृहीतक येते, ते मात्र तपासल्याशिवाय स्वीकारले गेले आहे: वाढ ज्या गावच्या वहीत नोंदली जाते, ती त्या गावचीच असते. इथे दोन गावे वेगळी करायला हवीत. एक नोंदीचे गाव, जिथे किंमत वाढल्याची नोंद होते. दुसरे उगमाचे गाव, जिथल्या पाण्याने, जंगलाने, श्रमाने ती किंमत वाढते. शहरी वस्तीत ही दोन्ही गावे बहुधा एकच असतात, म्हणून ही पद्धत घडवणाऱ्यांना हा भेद करावा लागला नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर ती दोन वेगळी गावे आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक डोंगर आहे.

महाराष्ट्राला हा भेद नवा नाही. पेशवाईत नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना काही वर्षे कर माफ करत, उद्याच्या वाढीवर भरवसा ठेवून. पण त्या वाढीचा महसूल पेठेच्या चार गल्ल्यांपुरता कोणी ठेवला नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे विचारलेला प्रश्न याच जातीचा होता: सरकारचा महसूल उभा राहतो कष्टकरी रयतेच्या घामातून, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का जातो? वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेने त्या प्रश्नाला एक उत्तर दिले. १९७५ पासून व्यवसाय कर बसला, तो मुख्यतः शहरातल्या नोकरदारांकडून आणि व्यावसायिकांकडून गोळा झाला, आणि त्यातून दुष्काळी गावांत कामे निघाली. करदाता ज्या गावचा, पैसा त्याच गावात राहिला पाहिजे, असा आग्रह तेव्हा धरला असता तर रोजगार हमी जन्मलीच नसती. ज्या राज्याने हे केले, त्या राज्यात आज स्वनिधीचा जप ऐकू यावा, याची खंत वाटते.

आता पेठचे उगम कोणते ते पाहावे. नार, पार, दमणगंगा या पश्चिमवाहिनी नद्यांची खोरी पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत पसरली आहेत. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. खर्च सुमारे ७,०१५ कोटी रुपये, लाभ नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांतल्या ४९,५१६ हेक्टरांना. दमणगंगा-एकदरे-गोदावरी या दुसऱ्या जोडयोजनेत एकदऱ्याला अडवलेले पाणी उचलून दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणात आणायचे आहे. दमणगंगा-पिंजाळ जोडयोजनेचे पाणी मुंबईसाठी आहे. पार-तापी-नर्मदा जोडयोजनेविरुद्ध डांग, वलसाड आणि नाशिकच्या आदिवासींनी आवाज उठवला, आणि मे २०२२ मध्ये गुजरात सरकारने ती मागे घेतल्याचे जाहीर केले. या जोडयोजना व्हाव्यात की नाहीत, हा स्वतंत्र आणि मोठा वाद आहे. पण त्या होणार असतील, तर त्यांतून निर्माण होणारी वाढ कोणाच्या वहीत जाणार, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

गिरणा खोऱ्यातल्या एका जिरायती गटाला पाणी मिळाले की काय होते? तो बागायती होतो. मुद्रांक शुल्कासाठी वापरल्या जाणाऱ्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात जिरायत आणि बागायत यांचे दर वेगळे असतात. म्हणजे सरकारच्याच तक्त्यात एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर ती जमीन चढते. पुढे ती विकली, गहाण टाकली, अकृषक झाली की प्रत्येक वेळी वाढीव रक्कम सरकारजमा होते. ग्रामीण भागात मुद्रांक शुल्कासोबत घेतला जाणारा एक टक्का अधिभार जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतीला मिळतो. कोणत्या ग्रामपंचायतीला? जमीन जिथे आहे तिथल्या. पाणी जिथून आले तिथल्या ग्रामपंचायतीचे नाव या साखळीत कुठेच येत नाही. आणि अशाच बागायती गटांत छाटणीला पेठची माणसे उतरतात. पाणीही त्यांच्या डोंगरातले, हातही त्यांचे, आणि नोंद त्यांच्या नावावर पैची नाही.

याला सर्वांत भक्कम आक्षेप ‘वाहून जाणारे पाणी’ या शब्दांत येतो. पाणी डोंगरापलीकडे नेणारा बोगदा होईपर्यंत ते समुद्राला मिळत होते, त्याची किंमत शून्य होती. किंमत बोगद्याने आली, बोगदा राज्याच्या पैशाचा, मग पेठचा हक्क कसला? आक्षेप हलका नाही, म्हणून त्याला सावकाश उत्तर दिले पाहिजे. एक तर, पाणी समुद्राला मिळत होते तेव्हाही त्याच्या काठी भात होत होता, मासळी होती, जंगल होते. बाजारभाव नव्हता म्हणून उपयोग नव्हता असे होत नाही. दुसरे, जमिनीखालचा कोळसाही खाण होईपर्यंत बिनकिमतीचा असतो. तरी २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती करून जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आणि खाणीच्या स्वामित्वधनाच्या १० ते ३० टक्क्यांइतकी रक्कम खाणबाधित भागासाठी द्यावी असे ठरले. जलविद्युत धोरणात २००८ पासून एक टक्का वीज स्थानिक विकासासाठी राखली जाते. खनिजाचा उगम कायद्याला दिसतो, विजेचा दिसतो; सिंचनाच्या पाण्याचा तेवढा दिसत नाही, याला तत्त्वाचा आधार नाही. तिसरे, बोगद्याचा वाटा मान्य करूनच बोलायचे आहे. वाढीचा मोठा भाग राज्याच्या भांडवलाचा आणि शेतकऱ्याच्या कष्टाचा. मागणी आहे ती एका लहान, निश्चित भागाची.

जगात हे कोणी केलेच नाही असे नाही. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅटस्किल डोंगरातल्या गावांशी करार केला: पाणी गाळण्याचा अवाढव्य कारखाना उभारण्यापेक्षा पाणलोटातल्या गावांवर खर्च करायचा. शहर आपल्या धरणांच्या जमिनींवर त्या डोंगरी गावांना मालमत्ता करही भरते. हिमाचलात पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये वरच्या अंगाच्या गावांशी करार करून, झऱ्याचे जंगल राखण्याबद्दल वर्षाला १० हजार रुपये द्यायचे ठरवले. रक्कम किरकोळ आहे, पण दात्याच्या रकान्यात खालचे शहर आहे आणि घेणाऱ्याच्या रकान्यात वरचे गाव. त्या कागदाचे मोल तिथे आहे.

महाराष्ट्रात हे बसवायला सगळ्यांत तयार जागा वाघाडच आहे, आणि ही गोष्ट चर्चेत यायलाच हवी. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने तिथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरला लावलेले रोप पुढे वाघाडच्या साऱ्या लाभक्षेत्रात पसरले. शेतकरी पाणी घनमापनाने मोजून घेतात, आपसांत वाटतात, पाणीपट्टी स्वतः गोळा करून शासनाला भरतात. २००५ चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा अशाच अनुभवांच्या पाठबळावर उभा राहिला. म्हणजे एकदऱ्याचे पाणी ज्या धरणात पडणार, तिथे आजचा आकडा मोजलेला आहे, उद्याची वाढ मोजण्याची सवय आहे, आणि पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या संस्था आहेत. पाया गोठवून वाढ वेगळी करण्यासाठी अमेरिकेत कायदे आणि तज्ज्ञ लागतात. इथे ते काम दिंडोरी तालुक्यातले शेतकरी संस्थेच्या वहीत करू शकतील.

त्या वहीवर पुढची मांडणी उभी राहू शकते. जोडयोजनेचे पाणी सुरू होण्याआधीचे वर्ष पायाचे वर्ष धरावे. लाभक्षेत्रातली पाणीपट्टी, आणि जिरायतीची बागायती झाल्यामुळे वाढलेले मुद्रांक शुल्क, यांतल्या फक्त वाढीचा दहावा हिस्सा पंचवीस वर्षे उगमाच्या खोऱ्यातल्या ग्रामसभांच्या कोषात जमा व्हावा. दहावाच का, बारावा का नाही, यावर भांडता येईल. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नावाची संस्था असेच आकडे ठरवायला २००५ पासून आहे. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचे यात काही जात नाही, कारण त्याच्या आजच्या आकड्याला हात लागत नाही. दुष्काळाने पोळलेल्या गिरणाकाठच्या शेतकऱ्याला पेठविरुद्ध उभे करण्याचा डाव कोणी खेळला, तर त्याला हे सांगता आले पाहिजे.

कोष कोण सांभाळणार, ही शंका रास्त आहे. पण त्याची यंत्रणा नव्याने शोधायची नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांत ग्रामसभा कोषाची तरतूद आहे, आणि पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागता येते. एप्रिल २०१५ च्या निर्णयाने आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींना थेट मिळू लागला. ग्रामसभेला मोठ्या पैशाचा हिशेब जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडे पाहावे. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, आणि त्यानंतर बांबूचा व्यवहार गावाने स्वतः केला. त्या गावची घरपट्टी वाढली म्हणून तिथे पैसा आला नाही. उगमावरचा हक्क कागदावर आला, म्हणून आला.

एक सावधगिरी मात्र सर्वांत आधी. हा हिस्सा संमतीची किंमत ठरता कामा नये. पेसा कायद्याप्रमाणे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत व्हायलाच हवी. ज्यांचे घर-शेत पाण्याखाली जाईल त्यांचे पुनर्वसन हा वेगळा आणि आधीचा हक्क आहे. वाढीतला वाटा देतो, आता गप्प बसा, असे कोणी म्हणू लागले तर ग्रामसभांनी वाटाही नाकारावा आणि धरणही. आणि बोरीची बारीच्या घरांत आधी नळाचे पाणी यावे, मग बोगद्यातून पुढे जावे, ही अट तर कुठल्याही करारात पहिल्या ओळीत असावी.

नदीजोडीच्या कागदांत लाभक्षेत्र आणि बुडीतक्षेत्र असे दोन रकाने असतात. उगमक्षेत्र हा तिसरा रकाना त्यांत घालायला नवा कायदा लागला तरी हरकत नाही, पण मागणी आताच लेखी गेली पाहिजे, कारण निविदा निघून कामे सुरू झाली की हिश्शाची बोलणी कोणी करत नाही. पेठ आणि सुरगाण्यातल्या ग्रामसभांनी येत्या सभेत एवढा एक ठराव घ्यावा: आमच्या खोऱ्यातून नेलेल्या पाण्याने जिथे वाढ होईल, तिथल्या वाढीतला ठरलेला हिस्सा आमच्या ग्रामसभा कोषात जमा व्हावा. ठरावाची एक प्रत जलसंपदा विभागाला पाठवावी आणि एक वाघाडच्या पाणीवापर संस्थांना. उत्तराची सुरुवात तिथूनच होण्याची शक्यता जास्त आहे.